तुडतुड्याचं आतडं

तुडतुड्याचं आतडं अख्खं, न तुटता बाहेर काढायला मला सात महिने लागले.

आंब्याला मोहोर आला की त्यावर बारीक, पाचरीच्या आकाराचे करडे किडे बसतात. फांदी हलवली की वाळू सांडल्यासारखा आवाज करत उडतात. ते तुडतुडे. लांबी गव्हाच्या दाण्याएवढीही नसते. असा एक तुडतुडा मेणाच्या थाळीत, मिठाच्या पाण्याखाली, पाठ वर करून टाचायचा, पाठीचं कवच दोन सुयांनी उकलायचं आणि आतली गुंडाळलेली, केसाहून नाजूक नळी सोडवत बसायचं. शिवणाच्या बारीक सुया सहाणेवर घासून मी त्या आणखी बारीक करायची. श्वास जरा जोरात सोडला तरी पाणी हलायचं आणि नळी तुटायची.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. नाशिकच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होते, प्रबंध लिहून. बाबा सातपूरला कारखान्यात पाळीवर जायचे. आमच्या वसाहतीत बी.एस्सी. झालेली मी पहिली मुलगी, म्हणून विहारात माझा सत्कार झाला होता आणि आईने त्या दिवशी ठेवणीतली पांढरी साडी नेसली होती. पण पुढचं शिकायचं तर मार्गदर्शक लागतो. मी आधी दोघांकडे गेले. दोघांनीही गुण विचारले, मग आडनाव विचारलं, मग जागा भरल्या आहेत असं सांगितलं.

तिसरे सर. पन्नाशी उलटलेले, सडपातळ, तपकीर ओढणारे. ते खिडकीशी बसले होते. त्यांनी गुणही विचारले नाहीत. खणातून सुई आणि दोऱ्याचं रीळ काढून माझ्यापुढे सरकवलं.

"ओव," म्हणाले.

मी पहिल्याच खेपेला दोरा ओवला.

"ओवलास?"

"हो सर."

"मग सोमवारपासून ये."

विषय त्यांचाच होता. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी तो हाती घेतला होता आणि अर्धा राहिला होता. त्या वेळी काढलेल्या आकृत्या कपाटात होत्या, पिवळ्या पडलेल्या, पण रेघ अशी की बघत राहावं. त्यांनी मला तो विषय कसा समजावला ते अजून कानात आहे.

"झाडाचा रस म्हणजे काय? गोड पाणी. अंग वाढायला जे लागतं ते त्यात चिमूटभर. ते चिमूटभर मिळवायला याला दिवसभर प्यावं लागतं. तोंडाच्या सुया पानाच्या शिरेत खुपसायच्या. एका नळीतून लाळ आत सोडायची, दुसरीतून रस ओढायचा. आता सांग, एवढं पाणी पोटात गेलं तर काय होईल?"

"रक्त पातळ होईल."

"मरेल तो. म्हणून त्याच्या आतड्याची सुरुवात आणि आतड्याचा शेवट एकमेकांना चिकटलेले असतात. दोन्हींवर मिळून एक पातळ पिशवी. पाणी सुरुवातीतून थेट शेवटात झिरपतं आणि बाहेर पडतं. नको असलेली साखरही त्याच्याबरोबर जाते. तोच तो पानांवरचा चिकटा. आणि घट्ट झालेला, कामाचा रस तेवढा लांबचा फेरा घेतो, मधल्या आतड्यातून सावकाश. तिथे पचतो. मी त्या पिशवीला गाळणी म्हणतो."

त्या गाळणीच्या आत उत्सर्जनाच्या चार नळ्यांची मुळं असतात. आमच्या आंब्यावरच्या तुडतुड्यात ती नेमकी कुठे आणि कशी जोडलेली आहेत, हा माझा प्रश्न होता. सर म्हणायचे, मला वाटतं दोन-दोनच्या जोड्या असाव्यात. पण नुसतं वाटून काय उपयोग, दाखवायला हवं.

श्रावणातली एक सकाळ. आदल्या मोसमात जमवून बाटलीत ठेवलेल्या किड्यांवर माझं काम चाललं होतं. एक आतडं बऱ्यापैकी सुटलं होतं. ते रंगवून काचपट्टीवर घेतलं, सूक्ष्मदर्शकाखाली लावलं आणि सरांना हाक मारली. ते आले, स्टुलावर बसले, डोळा लावला, आरसा थोडा फिरवला.

"वा," म्हणाले. "छान उलगडलंय. कडा बघ किती स्वच्छ आल्यात."

ते उठून गेले आणि मी आनंदात बाकाकडे वळले. बाकावर माझी काचपट्टी होती. रंगवलेली, आतडं असलेली. सूक्ष्मदर्शकाखाली मी कोरी पट्टी लावली होती.

मी डोळा लावून पाहिलं. पांढरा स्वच्छ गोल, बाकी काही नाही.

पहिल्यांदा वाटलं, सर मला उत्तेजन द्यायचं म्हणून न बघताच बोलले असतील. दुसऱ्या दिवशी मी जे केलं त्याची लाज मला आजही वाटते. मी मुद्दाम कांद्याचा पापुद्रा लावला. शाळेतलं पोरही ओळखेल असा, विटांच्या भिंतीसारखा. आणि म्हटलं, सर, मधल्या आतड्याच्या पेशी दाखवायच्या होत्या.

सर बराच वेळ बघत राहिले. "हं," म्हणाले. "रंग चांगला धरलाय."

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. मग एकेक गोष्ट ध्यानात यायला लागली. सर वर्गात कधीच टिपण आणत नसत, सगळं तोंडपाठ. पुस्तकातलं काही हवं असलं की कुणाला तरी म्हणत, "वाच रे मोठ्याने, सगळ्यांना ऐकू दे." व्हरांड्यात समोरून आलेल्या माणसाला ते त्याने आवाज दिल्यावरच ओळखत. चालताना मात्र कुठे अडखळत नसत. म्हणून कुणाला शंका आली नव्हती. आणि त्या दिवशी सुईत दोरा ओवलेला दिसत असताना त्यांनी "ओवलास?" असं का विचारलं, तेही कळलं.

मी कुणाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का? त्या वेळी माझ्या डोक्यात सगळं फार सोपं होतं. सर गेले तर मला दुसरा मार्गदर्शक मिळणार नाही. वर्षभराचं काम पाण्यात. बाबांनी कारखान्यात चारचौघांना सांगून ठेवलेलं. शिवाय ज्या माणसाने मला दारातून परत पाठवलं नाही, त्याच्या पोटावर मी पाय कशाला देऊ? ही दोन्ही कारणं खरी होती. त्यातलं पहिलं जास्त खरं होतं.

त्यानंतर मी त्यांचे डोळे झाले. न सांगता. शास्त्रीय नियतकालिकाचा नवीन अंक आला की म्हणायची, "सर, हे इंग्रजी मला नीट कळत नाही, वाचून दाखवू का?" जिना उतरताना काही तरी बोलत एक पायरी पुढे राहायची. काचपट्टी लावली की आधी आपणच वर्णन करायची, "सर, डावीकडे गाळणी आहे, खाली नळी दुमडली आहे," आणि ते त्यावरून पुढचं विचारायचे. विचारायचे मात्र असं, की मी जे पाहिलं नव्हतं ते दुसऱ्यांदा बघितल्यावर तिथे सापडायचं. मला जे काही येतं ते त्या माणसाने न बघता शिकवलेलं आहे. आणि हेही खरं, की एखादं आतडं माझ्याकडून तुटलं, तर मी ते तुटलेलं आहे असं दर वेळी सांगत नव्हते. माझ्या नोंदवहीच्या प्रत्येक पानावर त्यांची सही होत होती.

मला कळलं आहे हे त्यांना कळलं होतं का? आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही.

पौषाच्या शेवटी मोहोर आला आणि ताजे तुडतुडे मिळू लागले. गंगापूरच्या रस्त्याला, धरणाच्या अलीकडे एक मोठी आमराई होती. मालक सरांच्या ओळखीचे होते. दर रविवारी आम्ही बसने जायचो. किडे पकडायला काचेची एक नळी असते, तिला रबरी नळी जोडलेली, मध्ये मलमलीचा तुकडा. रबरी टोक तोंडात धरायचं, काचेचं टोक किड्यापाशी न्यायचं आणि ओढायचं. किडा नळीत येतो. तुडतुडे चपळ असतात, दहा वेळा ओढावं तेव्हा दोन मिळतात. मी फांदी धरायची आणि सांगायची, "सर, उजवीकडे, अजून वर." ते ओढायचे. त्यांना ते स्वतः करायला आवडायचं.

थंडीचे तेच दिवस मेण कापायलाही चांगले असतात. किडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून यंत्रावर त्याचे पातळ काप काढायचे, एकाला एक जोडलेले, फितीसारखे. उन्हाळ्यात मेण मऊ पडतं आणि फीत निघत नाही. त्या आठवड्यात माझी फीत पहिल्यांदा सलग निघायला लागली होती. शनिवारी संध्याकाळी मी सरांना म्हटलं, "सर, उद्या मी आमराईत नाही आले तर चालेल? मला फीत पुरी करायची आहे. पुन्हा इतकी चांगली निघेल की नाही सांगता येत नाही."

सरांनी तपकिरीची डबी उघडली, पुन्हा मिटली.

"काप तू," म्हणाले. "बस थेट जाते. मी जाऊन येतो."

मी म्हणू शकले असते, पुढच्या रविवारी जाऊ. शब्द तोंडाशी आले होते. पण मग मला कारण द्यावं लागलं असतं, आणि कारण एकच होतं. मी "बरं सर" म्हटलं.

रविवारी प्रयोगशाळेत मी एकटीच होते. मामांनी, म्हणजे आमच्या शिपायांनी, कुलूप उघडून दिलं आणि ते बाहेर उन्हात बसले. फीत सुरेख निघाली. काप पट्टीवर घेतले, रंगवले, आणि दुपारी एकच्या सुमाराला एकामागून एक बघत गेले. तिसाव्या-बत्तिसाव्या कापाशी गाळणीच्या आत चार बारीक गोल दिसले. पुढच्या कापात दोन-दोन जवळ आले. त्याच्या पुढच्यात एकमेकांत मिसळले. सर म्हणत होते तसंच. दोन जोड्या. मी उठून उगाच खोलीभर चालले. आत्ता सर असते तर, असं वाटलं. मग ते त्यांना दिसणार नाही हे आठवलं, आणि तरी वाटलं की असते तर सांगितलं असतं.

तीन वाजता मामा आत आले. त्यांचा चेहरा बघूनच मी सुई खाली ठेवली.

"ताई, सरांना दवाखान्यात आणलंय. आमराईतून. दुधाच्या जीपमध्ये घालून आणलं म्हणतात."

सरकारी दवाखान्यात मी पोचले तेव्हा सर खाटेवर होते. तोंडातून लाळ गळत होती, सदरा घामाने चिंब, दंडाचे स्नायू आपोआप फडफडत होते. छातीतून घरघर येत होती. एक तरुण डॉक्टर त्यांच्या डोळ्यात टॉर्च मारून बघत होता. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

दाराशी आमराईतली राखणदारीण उभी होती. पेठ तालुक्याकडची बाई, नवऱ्याबरोबर तिथेच झोपडीत राहायची. आम्हाला दर रविवारी पाणी द्यायची. ती मला बघून रडायलाच लागली.

"ताई, सकाळीच फवारणी झाली ना. नवं औषध, दुधावानी पांढरं. मालकानं पाटी लावली व्हती फाटकाला, खडूनं लिवून, आत येऊ नका म्हणून. मी तिकडं विहिरीवर. आले तवा म्हातारबा झाडाखाली. लय हाका मारल्या. म्हणले, मला पाटी नाय दिसली. पाटी तं तिथंच हाय!"

"किती वेळ होते आत?"

"कोन जाने. भाकर बी तिथंच खाल्ली, हात न धुता. मला म्हणले, आज किडे लय सोपे सापडायलेत बघ, हलत बी नायत."

ते मरणारे किडे होते. औषध पिऊन लुळे पडलेले, मोहोरावरून ओघळणारे. सरांनी नळी तोंडात धरून ते एकेक ओढले होते. ओल्या मोहोराखाली, डोक्यावर, खांद्यावर थेंब पडत असताना. त्या औषधाला उग्र वास असतो म्हणे. पण तपकिरीने त्यांचं नाक कधीच गेलं होतं. राखणदारणीने सरांची किड्यांची काचेची बाटलीही आणली होती. तळाशी दीड-दोनशे तुडतुडे होते. आम्ही दोघं मिळून चार रविवारांत इतके पकडले नसतील.

डॉक्टरने वळून विचारलं, "पाटी होती म्हणतात. यांना नीट दिसत होतं ना?"

"हो," मी म्हटलं.

का म्हटलं, माहीत नाही. सहा महिन्यांची सवय. आता त्यात सांभाळण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी म्हटलं.

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, थोड्या वेळाने आल्या. त्यांनी मला बघितलं आणि क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर काही तरी आलं, राग नव्हे, गोंधळ. मग त्या सरांकडे वळल्या. त्यांना मूल नव्हतं. तीन दिवस आम्ही दोघी आळीपाळीने बसलो. इंजेक्शनांवर इंजेक्शनं दिली. लाळ थांबली, तर तोंड कोरडं पडलं आणि सर भ्रमात गेले. दोन्ही हात पोटावर धरून अंगठा आणि तर्जनी एकमेकांजवळ आणायचे, अगदी हळू काही तरी ओढायचे, थांबायचे, पुन्हा धरायचे. नर्स म्हणाली, या इंजेक्शनांनी होतं असं, हवेत काही तरी वेचतात. मी बघत होते. ते वेचत नव्हते. ते नळी सोडवत होते.

दुसऱ्या दिवशी मी कानाशी वाकून म्हटलं, "सर, जोड दिसला. दोन-दोन आहेत."

हात थांबले. "नीट बघितलंस?"

"हो सर. मी नीट बघितलं."

"तुटलं नाही ना?"

"नाही."

एवढंच आमचं शेवटचं बोलणं. तिसऱ्या दिवशी सकाळी श्वास मंद होत गेला आणि थांबला.

महिन्याभराने मी काकूंकडे गेले. सरांच्या जुन्या आकृत्या द्यायच्या होत्या, हे निमित्त. खरं तर मला सांगून टाकायचं होतं. काकू जमिनीवर सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसले आणि सांगितलं. कोरी पट्टी, कांद्याचा पापुद्रा, सगळं.

त्यांनी निवडणं थांबवलं नाही. "मला सहा वर्षं माहीत होतं," म्हणाल्या. "मुंबईच्या डॉक्टरने सांगितलं होतं, डोळ्यांचं मधलं दिसणं जाईल, कडेचं राहील. उत्तरपत्रिका मी वाचून दाखवायची, ते गुण सांगायचे, मी मांडायची. निवृत्तीला चारच वर्षं राहिली होती. म्हटलं, ढकलू." मग एक खडा बाजूला टाकून म्हणाल्या, "तुला कळलंय, हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनी सांगितलं नाही."

"काकू, त्या रविवारी मी जायला हवं होतं."

त्यांनी तेव्हा पहिल्यांदा मान वर केली.

"त्या सकाळी मी विचारलं त्यांना, बरोबर कोण आहे? म्हणाले, ती आहे ना, नेहमीसारखी, स्टँडवर भेटणार आहे. म्हणून मी जाऊ दिलं."

दवाखान्यात मला पाहिल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं होतं ते आता कळलं. काकूंच्या समजुतीप्रमाणे मी त्यांच्याबरोबर आमराईत असायला हवं होतं, आणि मी तिथे धडधाकट उभी होते. कपड्यांना मेणाचा वास येत होता.

"खोटं कधी बोलत नसत ते," काकू म्हणाल्या. "डोळ्यांचं सोडून." आणि पुन्हा तांदळात बघायला लागल्या. चहाचं विचारलं नाही. थोडा वेळ बसून मी उठले.

प्रबंध पुरा झाला. आधी ज्यांच्याकडे जागा भरल्या होत्या, त्यांच्यातल्याच एकांनी मार्गदर्शक म्हणून सही केली. तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी गाळणीच्या कापांचं फार कौतुक केलं आणि विचारलं, हे कुणी शिकवलं? मी सरांचं नाव सांगितलं. ते म्हणाले, हो का, मी ऐकलं नाही कधी. घरी बाबांनी पुन्हा पेढे वाटले. सर फवारणीच्या औषधाने गेले एवढंच मी त्यांना सांगितलं होतं, बाकीचं बाबा असेपर्यंत सांगितलं नाही.

मला सिन्नरला शिक्षिकेची नोकरी लागली. पुढे पीएच.डी. करावी असं सगळे म्हणत होते. एकदा मी अर्जही आणला, भरलाही, पण मार्गदर्शकाच्या नावाच्या जागेपाशी आले आणि तसाच ठेवून दिला. त्यानंतर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तो फक्त मुलांसाठी.

सात-आठ वर्षांनी, नाशिकच्या बसस्टँडवर काकू दिसल्या. केस पांढरे झाले होते, हातात कापडी पिशवी. भावाकडे राहायला गेल्या होत्या असं ऐकलं होतं. त्यांनीच मला ओळखलं. लग्न झालं का, मुलं किती, सिन्नरला पाण्याचे हाल आहेत का, असं सगळं विचारलं. मी उत्तरं देत राहिले. त्यांची बस लागली तेव्हा मी पिशवी वर चढवून दिली.

"येते हं," म्हणाल्या. मग पायरीवरच थांबून, मागची माणसं ढकलत असताना, मला म्हणाल्या, "त्या सकाळी ते तुझं नाव सांगून घराबाहेर पडले होते. ते खोटं बोलले ते तुला आपलं काम करता यावं म्हणून; खरं सांगितलं असतं, तर मी तुलाच बोलावून घेतलं असतं. हे मला फार उशिरा सुचलं. पण सुचलं तरी राग गेला नाही गं माझा."

कंडक्टरने त्यांना आत घेतलं.